गोंदणाखालची खूण

चंद्रीनं लाथ झाडली आणि बादली गोठ्याच्या भिंतीवर जाऊन आदळली. दूध शेणात गेलं. माझा थोरला, इराण्णा, उकिडवा बसला होता तसाच मागं कलंडला आणि दोन्ही हात छातीशी धरून बसून राहिला.

"काय झालं रं?" मी दारातूनच विचारलं.

"काय न्हाई. तू आत येऊ नको."

"हात दाखीव."

"आई, एकदा सांगितलं न्हवं? वय झालंय तुझं. हे लागलं तर तुला झेपायचं न्हाई."

मी तेव्हा पन्नाशी नुकतीच ओलांडली होती. बाईला या वयात म्हातारी म्हणायची छाती फक्त पोटच्या पोरांनाच होते. मी त्याचं ऐकलं नाही. आत गेले आणि त्याचं मनगट धरून हात उजेडाकडं वळवला. बोटांवर टपोरे फोड आले होते, मधे खड्डा पडलेले, कडेनं लालभडक. काही फुटून काळी खपली धरली होती. धाकट्या चन्नूची गत याहून वाईट. तो तापानं फणफणून आत पडला होता आणि त्याच्या काखेत लिंबाएवढी गाठ आली होती. अगदी तसेच फोड चंद्रीच्या सडांवर होते, तिच्या शेजारच्या दोघींच्याही. गल्लीतल्या बायका गोठ्याच्या दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधून गेल्या होत्या. म्हशींना देवी आली म्हणाल्या, कोपू देऊ नका.

मला देवीच्या कोपाची भीती नव्हती. मला भीती होती कट्ट्याची.

कोल्हापूरचा दुधाचा कट्टा ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगायला हवं. सकाळ-संध्याकाळ गवळी आपापल्या म्हशी चौकात आणून उभ्या करतात आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून देतात. कुणी किटली घेऊन येतं, कुणी तांब्या. तालमीतले पैलवान तर तिथंच उभ्या उभ्या पेला रिकामा करतात, मिशीला लागलेला फेस पुसतात आणि चालू लागतात. घरून कॅन भरून आणलेल्या दुधाला तिथं कुणी हुंगतही नाही. प्रत्येक घराची जागा ठरलेली. आमची पिंपळाच्या पाराला लागून, अगदी मोक्याची. मालक गेल्यावर पोरांसाठी काय राहिलं असेल तर या म्हशी आणि ती चार हात जागा. आणि कट्ट्याचा नियम असा, की जागा आठवडाभर रिकामी राहिली की ती दुसऱ्याची. या नियमाविरुद्ध आम्ही बोलणार तरी काय? माझ्या आजेसासऱ्यांना ती जागा अशीच मिळाली होती.

पोरं दोन दिवस कट्ट्यावर गेली नव्हती.

जनावरांच्या डॉक्टर स्कूटरवरून आल्या. जमादार आडनाव, इचलकरंजीची पोरगी, अंगानं चिपाड. त्यांनी चंद्रीची कास बघितली, इराण्णाचे हात बघितले, आणि मग सगळ्या दावणीवरून एक चक्कर मारली.

"औषध काय लावलंत?"

"हळद आन् लोणी," इराण्णा म्हणाला. "रोज सांजच्याला. समद्या म्हशींना."

"चांगल्या म्हशींनाही?"

"व्हय. आधी दुखऱ्या, मग चांगल्या. आधीच लावून ठेवलं तर येनार न्हाई, म्हणून."

"मधे हात धुऊन?"

इराण्णा माझ्याकडं बघायला लागला. हळद-लोण्याचा हात कोण धुतं? आमच्याकडं तो हातच औषध.

"अहो दादा," डॉक्टर म्हणाल्या, "पंगतीत जिलबी वाढावी तसा तुम्ही आजार वाढलाय एकेकीला."

पोराचा चेहरा एवढासा झाला. मला त्याची कीव आली. त्या म्हशींवर त्याचा जीव होता. अंगात ताप असताना एकेकीपाशी बसून, तिच्याशी बोलत, त्यानं ते लोणी चोळलं होतं.

"अजून अर्ध्या म्हशी चांगल्या आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "त्या तशाच ठेवायच्या असतील तर आजपासून फोड आलेला हात त्यांना लागायचा नाही. आणि धार तर काढायलाच हवी, नाहीतर कासा दगड होतील. घरात देवीची लस टोचलेलं कोण आहे?"

"देवीची? ती तर माणसाच्या देवीची लस," इराण्णा म्हणाला. "म्हशीच्या फोडाशी तिचा काय संबंध?"

"हे सगळं एकाच घराण्यातलं असतं. माणसाची देवी थोरली, हे म्हशींचं त्यातलंच धाकटं भावंड. देवीची लससुद्धा त्याच घराण्यातल्या एका साध्या भावंडाची होती. एका भावाचा तोंडवळा ज्याच्या ध्यानात राहिलाय, त्याला दुसरा ओळखू येतो. लस घेतलेल्याचं रक्त तसं यालाही ओळखतं. तुम्हा दोघा भावांच्या जन्माआधीच ती लस बंद झाली, म्हणून तुम्हाला हे सगळं नवीन."

"पर आईच्या येळची लस म्हंजे चाळीसएक वर्षं झाली की. येवढं ध्यानात ऱ्हातंय व्हय रक्ताच्या?"

"राहतं. शंभर टक्क्यांची हमी मी देणार नाही. कुणाला एखादा फोड येईलही. पण तुमच्यासारखी दशा होणार नाही. मावशी, टोचल्याची खूण राहिली असेल, हात बघू तुमचा."

मी डावा हात पुढं केला. मनगटापासून कोपरापर्यंत सगळं गोंदण. वेल, ठिपके, तुळस, आणि मधे दोन मोठी फुलं.

"खूण कुठाय?" इराण्णा म्हणाला. "नुसतं गोंदण तर हाय."

खरंच, खूण अशी दिसत नव्हतीच. टोचल्याचं मला आठवत होतं. माझं माहेर कागलकडचं. आम्ही तिथंही गवळीच. टोचणारा माणूस गावात आला तेव्हा सगळ्या बायकांनी पोरं माळ्यावर लपवली होती, आणि माझ्या बापानं मला हाताला धरून चावडीत नेऊन उभं केलं होतं. पण लहानपणच्या आठवणीवर कुणी म्हशी थोड्याच सोपवतं?

डॉक्टरांनी गोंदणावरून अंगठा फिरवला. पहिल्या फुलावर थांबला. मग दुसऱ्या.

"मावशी, ही फुलं मधे खोल कशी?"

तेव्हा मला लख्ख आठवलं. लग्नाचं बघायला लागले तेव्हा आईनं गोंदणारीला घरी बोलावली होती. हातावर दोन गोल वण, बघायला येणाऱ्यांना वाटायचं पोरीला देवी येऊन गेल्या. गोंदणारीनं वणाभोवती पाकळ्या काढल्या आणि म्हणाली, आता शोधून दाखवा म्हणावं. खरोखरच कुणाला दिसलं नाही. सासूला नाही, नवऱ्याला नाही, आणि इतक्या वर्षांत मलाही नाही.

"हीच ती," डॉक्टर म्हणाल्या. "एक सोडून दोन. धार काढता येते का तुम्हाला?"

मी काही बोलायच्या आतच इराण्णा म्हणाला, "आमच्यात बायका धार काढत न्हाईत. बाईचा हात लागला की म्हैस आटती."

"आटू दे की," मी म्हणाले. "तुमचे हात लागून कुठं दुथडी भरून वाहायल्यात?"

माझ्या बापाला मुलगा नव्हता. त्यानं मला सातव्या वर्षी म्हशीखाली बसवलं होतं. माझ्या मुठीतली धार बादलीच्या तळाला वाजली की तो शेजाऱ्यांना हाका मारून बोलवायचा, ऐका म्हणायचा. सासरी आले आणि शेण, वैरण, ताक, लोणी सगळं माझ्याकडं आलं. सडाला मात्र हात लावायचा नाही. मी कधी भांडले नाही. पण गोठ्याबाहेर उभं राहून धारेचा आवाज ऐकताना माझी बोटं आपोआप मिटायची, हे कुणाला माहीत?

त्या संध्याकाळी कोपरापर्यंत साबण लावून मी लक्षीखाली बसले. ती चांगल्यांतली सगळ्यात शहाणी. तिचं रेडकू तिला चाटायला दिलं, कासेवर पाणी मारलं, आणि मूठ आवळली. पहिली धार वाकडी गेली, माझ्या लुगड्यावर. दुसरी बादलीत वाजली. इराण्णा दारात उभा होता. मी अंधूक उजेडात एकटीच हसत होते, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं ते पुसायला हात मोकळा नव्हता.

आधी चांगल्या म्हशी, मग हात धुऊन आजारी. आजारी म्हशींचं दूध वेगळं ठेवायचं, विकायचं नाही. हे सगळं डॉक्टरांनी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. झोपायच्या आधी मी चन्नूच्या तोंडाला पेज लावली आणि इराण्णाला म्हणाले, "उद्या लक्षीला कट्ट्यावर न्यायची."

"कोन?"

"मी."

"आई, लोक हसतील."

"जागा गेल्यावर रडण्यापरास बरं."

"मी येनार न्हाई तुझ्यासंगं," तो म्हणाला आणि भिंतीकडं तोंड करून पडला. ते मला लागलं. म्हशीची लाथ बरी, असं लागलं.

सकाळी मी लक्षीचं दावं धरून एकटीच निघाले. मागनं रेडकू. चौकात पोचले तेव्हा कट्टा भरलेला होता. आमच्या जागेच्या कडेला कुणाची तरी म्हैस अर्धी सरकून उभी होती. मी "हुर्र्" केलं, ती बाजूला झाली. लक्षीला बांधली. पदर खोचला. तेवढ्यात राचाप्पाण्णा समोर येऊन उभे राहिले.

राचाप्पाण्णा कट्ट्याचे पंच. माझ्या मालकांचे जुने जोडीदार. हात कापायला लागल्यापासून स्वतः धार काढत नव्हते, पण कट्ट्यावर त्यांच्या शब्दाबाहेर माशी बसत नव्हती.

"वैनी, म्हैस बांधा, हरकत न्हाई. पर खाली बसायचं न्हाई. पोराला धाडा."

"पोराच्या हाताला फोड आल्यात, अण्णा. त्या हातचं दूध तुमी प्याल?"

"तसं असंल तर मग जागा..."

"जागा रिकामी न्हाई. मी आलीया न्हवं."

"बाई कट्ट्यावर बसल्याली कुणी ऐकली न्हाई. माझ्या जिवात जीव हाय तोवर हे व्हायचं न्हाई."

"मग तब्येतीला जपा," मी म्हणाले आणि बसले.

कट्ट्यावर कुणीतरी फिसकन हसलं. राचाप्पाण्णांचे कान लाल झाले. पण मला हाताला धरून उठवणार कसं? परक्याच्या बाईला हात लावायचा नाही, हाही त्यांचाच नियम.

मी लक्षीच्या कासेवरून हात फिरवत बसले. गिऱ्हाइकं दूर उभी. काहींना बाईमाणूस बघून अवघडल्यासारखं झालं होतं, काहींच्या कानावर आजाराचं गेलं होतं. एकानं किटली पाठीमागं लपवली. मग मी उठले. दोन्ही हात वर केले, पुढून दाखवले, मागून दाखवले, बोटं फाकवून दाखवली.

"बघा," मी म्हणाले. "फोड कुठं हाय ते ज्याला दिसंल त्यानं जवळ येऊन दाखवावं. न्हाई दिसला त्यानं दूध घ्यावं. आन् म्हैस बी बघून घ्या, वाकून बघा."

सर्जेराव म्हणून एक पैलवान होता, आमचं जुनं गिऱ्हाईक. हत्तीएवढा देह, पण बोलताना मान खाली. तो पुढं आला. लक्षीच्या कासेकडं वाकून बघितलं, माझ्या हातांकडं बघितलं.

"काकू, दूध पिल्याबिगार गेलो तर वस्ताद मला आखाड्यात उतरू देत न्हाई. द्या पेला."

मी बसले आणि मूठ आवळली. पेला फेसानं काठोकाठ भरला. त्यानं एका दमात संपवला, ओठ पुसले, आणि सगळे ऐकतील असं म्हणाला, "फेस झ्याक आलाय. अजून एक."

त्याच्यामागनं किटल्या आल्या. बादली संपली. घरी जाताना मी राचाप्पाण्णांकडं मुद्दाम बघितलं नाही. बघितलं असतं तर हसू आलं असतं, आणि तेवढा मान मला त्यांचा ठेवायचा होता.

असे बरेच दिवस गेले. हात सुजायचे, मनगटं ठणकायची, भाकरी थापताना बोटं वळायची नाहीत. आणि मग एका दुपारी माझ्या अंगठ्याच्या बाजूला एक लाल पुटकुळी दिसली.

मी ओसरीवर बसूनच राहिले. आता संपलं, असं वाटलं. रक्त विसरलं. कट्ट्यावर जाणं बंद, लक्षीला हात लावणं बंद, जागा गेली. मी डॉक्टरांना निरोप धाडला. त्या आल्या, चष्मा वर करून पुटकुळी बघितली, काख चाचपली, कपाळाला हात लावला.

"ताप नाही, गाठ नाही. मावशी, चार दिवस हात बांधून ठेवा, म्हशीखाली बसू नका. म्हशींची धार एखाद्या टोचलेल्या माणसाकडून काढून घ्या. पण माझा अंदाज सांगू? हा फोड मोठा व्हायच्या आत विझणार. तुमच्या रक्तानं चोराला उंबऱ्यातच धरलंय."

चार दिवस जागेचं काय, हा प्रश्न होता. चन्नू नुकता उठून बसायला लागला होता. तो म्हणाला, "मी म्हैस घेऊन नुसता हुबा ऱ्हातो, आई. हात लावत न्हाई. म्हैस हुबी हाय तोवर जागा आपली." आणि तो उभा राहिला, हाताला फडकी बांधून, गिऱ्हाइकांना "परवा या, तेरवा या" सांगत. सगळ्या म्हशींची धार घरीच शेजारच्या म्हाताऱ्या काशिबा गवळ्यानं काढली. त्याच्या दंडावर रुपयाएवढी खूण होती.

मी रोज सकाळी फडकं सोडून अंगठा बघत होते. दुसऱ्या दिवशी पुटकुळी तशीच. तिसऱ्या दिवशी सुकायला लागली. पुढं तिची खपली पडली, आणि खाली नवी कातडी, गुलाबी. पोरं पंधरा पंधरा दिवस ज्यानं तळमळली, ते माझ्या अंगठ्याच्या टोकावरनं माघारी गेलं होतं. मी अंगणात उभी राहून त्या अंगठ्याकडं बघत होते. बापाची आठवण झाली. चावडीत सगळ्या गावातली एकटी पोरगी मी, आणि माझा हात त्यानं किती घट्ट धरला होता! मला एवढा अभिमान वाटला त्याचा, की ओरडून सांगावंसं वाटलं.

मी परत कट्ट्यावर बसले. तोवर आजार गल्लीभर झाला होता. एकेका घरातली तरणी पोरं हाताला फडकी बांधून ओट्यावर बसलेली, आणि पाराला लागून जागा रिकाम्या पडत चाललेल्या.

एका दुपारी राचाप्पाण्णा आमच्या दारात आले. आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेर उभे. टोपी काढली, परत घातली.

"बसा की, अण्णा. च्या टाकते."

"च्या नको." मग बसले. चहाही घेतला. बशीत ओतताना हात कापत होता, मी दुसरीकडं बघितलं.

"तिन्ही पोरास्नी फोड आल्यात," ते शेवटी म्हणाले.

"ऐकलं मी. वंगाळ झालं."

"कट्ट्यावर आमची जागा पाच दिस रिकामी हाय."

खरं सांगते, बोलायला जिभेवर पुष्कळ आलं होतं.

"पारव्वाच्या दंडावर," ते चहाच्या कपाकडं बघत म्हणाले, "खूण हाय. मी बघितली काल. चांगली ठळक हाय." पारव्वा म्हणजे त्यांची बायको. "तिला धार येत न्हाई. कदी काढूच दिली न्हाई. तुमी... शिकवाल काय?"

"आटणार न्हाई न्हवं तुमची म्हैस?"

त्यांनी मान वर केली. मला वाटलं चिडले. पण म्हातारा हसला, सगळे पडके दात दाखवत हसला. "आटली तर तुमच्याकडनं पेला पिऊन जाईन, वैनी."

दोन संध्याकाळी पारव्वा आमच्या गोठ्यात शिकली. तिसऱ्या दिवशी सकाळी राचाप्पाण्णा स्वतः म्हशीचं दावं धरून कट्ट्यावर आले. दुसऱ्या हातात बादली. मागनं पारव्वा, डोक्यावरनं पदर, घाबरीघुबरी. आणि सगळ्या कट्ट्याला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "सरका रं, वाट द्या. बायका बसायच्यात."

पुढं महिनाभरात कट्ट्यावर आम्ही सहाजणी होतो. सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या, सगळ्या बाह्या वर सारून. एकही जागा गेली नाही.

इराण्णाचे हात बरे व्हायला सगळ्यात जास्त वेळ लागला. बोटांवरचे खड्डे बुजले तेव्हा डॉक्टरांनी त्याला धार काढायची परवानगी दिली. म्हणाल्या, आता तुमच्याही रक्तानं याला बघून ठेवलंय. दुसऱ्या दिवशी मी लक्षीला घेऊन निघाले, तर हा अंघोळ करून, केस विंचरून दारात. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्यासोबत आला.

कट्ट्यावर मी बसले. तो लक्षीच्या शिंगाशी उभा. गिऱ्हाइकं येत होती, सर्जेरावाचा पेला भरून झाला होता. राचाप्पाण्णा काठी टेकत आले आणि इराण्णाच्या हातांकडं बघून खूश झाले.

"झालं न्हवं बरं? झ्याक! मग आता बस की खाली. आईला उठीव. लई दमली बिचारी."

माझी मूठ सडावर होती. मी थांबले नाही, पण कान सगळे वरती. पोर खाली वाकलं तर मी उठणार होते. त्याच्या बापाची जागा, त्याच्या आजोबांची जागा. मी ती राखली होती त्याच्यासाठीच.

"अण्णा," इराण्णा म्हणाला, "ही जागा आईची हाय. माझ्यासाठी दुसरी असंल तर बघा."

पारव्वानं शेजारून माझ्याकडं बघितलं. माझ्या डोळ्यांपुढं सगळं धूसर झालं होतं, लक्षीची कास, बादली, पोराचे पाय. पण मी मान वर केली नाही. लक्षीला पान्हा फुटला होता, आणि पान्हा फुटल्यावर गवळ्यानं हात थांबवायचा नसतो.